नव्या सांगाड्यातले जुने इंजिन

अमेरिकेत स्वतःच्या मालकीचा एकच अठरा चाकी ट्रक चालवून संसार करणारे पुष्कळ लोक आहेत, आणि गाडीचे इंजिन दमले म्हणजे त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो आपल्याकडच्या ट्रेलरमालकालाही परका नाही : कर्ज काढून नवी कोरी गाडी घ्यावी, की इंजिन नव्याने बांधून जुनीच गाडी आणखी काही वर्षे हाकावी? हा प्रश्न सामान्यतः जमाखर्चाचा समजला जातो आणि बव्हंशी तो तसा आहेही. परंतु गेल्या दीड दशकात तेथे या दोन मार्गांच्या मधून एक तिसरी वाट निघाली, तिने व्यापारी, सरकार आणि न्यायालय या तिघांनाही एका कज्ज्यात ओढले, आणि तो वृत्तांत नीट पाहिला म्हणजे दुरुस्तीचा हक्क कोठे संपतो व पळवाट कोठे सुरू होते हे बऱ्याच अंशी ध्यानात येते.

बांधलेले इंजिन म्हणजे कनिष्ठ प्रतीचा माल, हा समज अवजड डिझेल इंजिनांच्या बाबतीत निराधार आहे. १९८७ साली बाजारात आलेले डेट्रॉइट डिझेल कंपनीचे ‘सिरीज ६०’ हे सहा सिलिंडरांचे इंजिन घ्या. त्याचे लायनर बदलता येण्याजोगे असल्यामुळे इंजिन गाडीवरून न उतरवता, वरून हेड आणि खालून ऑइल चेंबर सोडून, पिस्टन, रिंगा, लायनर आणि बेअरिंगे बदलता येतात. आणि ब्लॉक व क्रँक शाबूत असून मिस्त्री मापाला चोख असेल, तर असे इंजिन पुन्हा लाखो मैल चालते. एकंदर दहा लाख मैलांचा पल्ला या जातीच्या इंजिनांना अप्रूपाचा नव्हता. ज्या यंत्राची रचनाच मुळी दुरुस्ती गृहीत धरून केलेली आहे, ते दुरुस्त करून वापरणे ही काटकसर तर आहेच, पण त्या रचनेचा तो यथोचित मानही आहे.

उलट नव्या गाडीविषयी त्या लोकांच्या मनात जो अविश्वास साचला, तो केवळ पुराणप्रियतेतून आलेला नव्हे. २००७ पासून काजळी अडविणारी गाळणी आणि २०१० पासून नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरील कडक मर्यादा लागू झाल्यावर इंजिनाच्या धुराड्यामागे एक लहानसा रासायनिक कारखानाच जोडला गेला. युरियाची टाकी आली, सेन्सर आले, आणि गाळणीत साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी मधूनच उभी करून ठेवण्याची पाळी आली. युरियाच्या यंत्रणेतला दोष वेळीच दूर झाला नाही, तर संगणक गाडीचा वेग ताशी पाच मैलांवर आणून ठेवी. म्हणजे मालासकट चाळीस अमेरिकी टनांची गाडी, ठरलेली वेळ आणि एक बिघडलेला सेन्सर यांत सेन्सरचा अधिकार अंतिम. कॅटरपिलरसारख्या मातबर कंपनीने तर २०१० च्या सुमारास रस्त्यावरील ट्रकांची इंजिने पुरविणेच सोडून दिले. नॅव्हिस्टारने युरियावाचून मर्यादा पाळण्याचा हट्ट धरला आणि तो २०१२ मध्ये सोडला, पण तोवर तिची इंजिने घेतलेल्या मालकांनी पुरेसे सोसले होते. कायदा पाळण्याची भाषा बोलणाऱ्या याच उद्योगातील सात उत्पादकांनी १९९८ साली सरकारशी तडजोड केली होती, आणि तिचे कारण असे, की परीक्षेत स्वच्छ ठरणारी व हमरस्त्यावर मात्र मर्यादेपलीकडे धूर सोडणारी इंजिने त्यांनी विकल्याचा आरोप होता. त्यापोटी ८ कोटी ३४ लाख डॉलरांचा दंड त्यांना भरावा लागला. सबब, गरीब मालकाला एकट्यालाच नीतीचे पाठ देण्याचा अधिकार येथे फारसा कोणाला उरलेला नाही.

या असंतोषातून ‘ग्लायडर’ नावाच्या गाडीचा बाजार वाढला. नवा सांगाडा, नवी केबिन, पुढचा नवा आस. आणि आत मात्र जुन्या गाडीतून काढून बांधलेले, गाळणी व युरिया या दोहोंच्या आधीचे इंजिन. अपघातात चुराडा झालेल्या गाडीचे सुस्थितीतले इंजिन वाया जाऊ नये, एवढाच या सोयीचा मूळ हेतू होता, आणि तो सर्वथा रास्त होता. परंतु २०१० पूर्वी वर्षाला हजाराच्या आत असलेली या गाड्यांची विक्री २०१५ पर्यंत दहा हजारांवर गेली, असा तेथील पर्यावरण संरक्षण खात्याचा अंदाज आहे; एवढे अपघात काही वाढले नव्हते. विक्रेत्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही गाडी नव्या ट्रकपेक्षा सुमारे चतुर्थांशाने स्वस्त पडे. शिवाय अवजड नव्या ट्रकवरचा बारा टक्क्यांचा संघीय कर, जो पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९१७ मध्ये तीन टक्क्यांनी सुरू झाला आणि युद्ध संपून शतक लोटले तरी सुटला नाही, तोही टाळता येई. कारण खर्च तशाच नव्या गाडीच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे गेला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती ठरे. इंजिन २००० सालापूर्वीचे असेल, तर चालकाचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचीही सक्ती नाही. थोडक्यात, विकताना गाडी नवी आणि कर देताना जुनी : सातबारा नवा, पण त्यावरचे कूळ जुनेच.

याचा भुर्दंड ज्यांनी भरला ते या व्यवहारात कोठेच नव्हते. २०१७ मध्ये त्या खात्याने अशा दोन गाड्या प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा नव्या ट्रकांच्या तुलनेने नायट्रोजनची ऑक्साइडे ४ ते ४० पट आणि काजळीचे कण ५० ते ४५० पट आढळले. त्याच सुमारास खात्याचे तत्कालीन प्रमुख स्कॉट प्रुइट हे मात्र या गाड्यांवरील निर्बंध उठविण्याच्या तजविजीत होते. २०१६ च्या नियमाने लहान उत्पादकास वर्षाला फार तर तीनशे अशा गाड्यांची मुभा ठेवली होती. ती मर्यादा अमलात आणणार नाही, असे पत्र ६ जुलै २०१८ रोजी, प्रुइट यांच्या पदावरील अखेरच्या दिवशी, निघाले. न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि महिना संपण्यापूर्वी त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू व्हीलर यांनी ते मागे घेतले. कुतूहलाची गोष्ट अशी, की निर्बंध राखावेत म्हणून व्होल्वो, कमिन्स आणि ती नॅव्हिस्टारसुद्धा पुढे आल्या होत्या. त्यांची कळकळ हवेविषयी किती आणि स्वतःच्या गिऱ्हाइकाविषयी किती, हे वाचकांनीच ठरवावे.

माझे मत विचाराल तर ज्याची गाडी कर्जमुक्त आहे, सांगाडा सरळ आहे आणि फेऱ्या मध्यम अंतराच्या आहेत, त्याने आपल्याच गाडीचे इंजिन बांधून घ्यावे व त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. ज्याला वर्षाला लाख मैल तोडायचे आहेत त्याने डिझेलचा हिशेब आधी मांडावा : गॅलनला सहा मैलांऐवजी साडेसात मैल मिळाले, तर वर्षाकाठी सुमारे ३,३०० गॅलन वाचतात, आणि कर्जाच्या हप्त्याचा चांगला भाग त्यातूनच सुटतो. कॅलिफोर्नियात माल न्यायचा असेल, तर प्रश्नच मिटला. २०२३ च्या प्रारंभापासून तेथे २०१० च्या मानकाखालचे अवजड इंजिन, काही सवलती सोडल्यास, चालत नाही. नवीन सांगाड्यात जुने इंजिन घालून घाऊक विक्री करण्याचे समर्थन मात्र मला कोणत्याही हिशेबाने करता येत नाही. दुरुस्ती ही एका गाडीची असते, हजारो गाड्यांची झाली की ते उत्पादन होय, आणि उत्पादनाला उत्पादनाचाच कायदा लागला पाहिजे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ आल्यापासून हीच गाळणी आणि हेच युरियाचे पाणी कळंबोलीच्या स्टील मार्केटात व न्हावा शेवा बंदराच्या रांगांत येऊन पोहोचले आहे. २०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणाने जुन्या व्यापारी गाडीचे भवितव्य केवळ वयावर न ठेवता योग्यता चाचणीवर सोपविले, हे मला शहाणपणाचे वाटते. इंजिन जुने की नवे यापेक्षा धुराड्यातून काय निघते, हीच चौकशी सरकारने करावी. परंतु हाफ इंजिनाचे काम डोळे मिटून करणाऱ्या गॅरेजच्या मिस्त्रीला बीएस-६ गाडीतला दोष वाचण्याचे यंत्र आणि त्यासोबतची माहिती रास्त दरात मिळत नाही, आणि प्रत्येक लहानसहान बिघाडासाठी गाडी कंपनीच्या वर्कशॉपात दोन-दोन दिवस अडकून पडते, तोवर एका गाडीचा मालक जुन्या इंजिनाला चिकटून राहिला, तर त्याला दोष देण्याआधी ते कुलूप कोणी घातले याचा जाब कंपन्यांना विचारला गेला पाहिजे.