मुदतवाढ

"पोप पैसे घेऊन पापे माफ करायचा." शाळेच्या इतिहासातले एवढे एक वाक्य आपल्या सुशिक्षित हिंदू गोवेकराला जन्मभर पुरते. शेजारच्या घरातल्यांनी २ नोव्हेंबरला सिमितेरीत मेणबत्त्या लावल्या की हा गालातल्या गालात हसतो. मंडळी, टीका जरूर करा. पण जे आहे त्यावर करा.

आधी शिकवण काय ते पाहू. पाप माफ होते ते कुमसारात, पश्चात्तापाने. तिथे पैशाचा संबंध नाही. पण अपराधाची क्षमा झाली तरी त्याचा दंड उरतो, असे चर्च मानते. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर नोकरी वाचली, वसुली बाकी! ती इथे पुरी झाली नाही तर मेल्यावर पुर्गातोरात होते. पुर्गातोर म्हणजे नरक नव्हे. तिथल्या प्रत्येक आत्म्याला पुढे स्वर्ग नक्की असतो. या उरलेल्या दंडातली सूट म्हणजे इंडल्जन्स. तेव्हा 'पापमुक्तिपत्र' हा आपला शब्दच चुकीचा.

मग पैसा आला कुठून? दानधर्माच्या वाटेने. ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टने माइन्झचे आर्चबिशपपद मिळवताना फुग्गर सावकारांकडून कर्ज काढले. टेट्झेलने गोळा केलेल्या पैशांतला अर्धा वाटा त्या कर्जाकडे आणि अर्धा सेंट पीटरच्या बांधकामाला जायचा होता. यावरून १५१७ साली ल्यूथर पेटून उठला. पुढे १५६७ साली पाचव्या पायसने पैशांशी जोडलेल्या सवलती रद्द केल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी बंद झालेल्या दुकानावर आपण अजून दगड मारतो आहोत. आणि मारतो कोण? तर भाद्रपदात म्हाळ घालणारे, पितरांच्या नावाने भटजींच्या हातावर दक्षिणा ठेवणारे आपण!

पण म्हणून चर्च सुटले असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप पैशांवर नाही, नियमांवर आहे. १९६७ पर्यंत एकेका प्रार्थनेवर '३०० दिवस' असे आकडे छापलेले असत. मुळात ते प्राचीन चर्चमधल्या प्रायश्चित्ताचे दिवस. पण भाविकाने ते पुर्गातोरातलेच समजले तर त्याचा काय दोष? सहाव्या पॉलने ते आकडे काढून टाकले. 'पूर्ण' आणि 'अंशतः' हा भेद मात्र ठेवला.

आता हे पाहा. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, कुमसार, कम्युनियन वगैरे अटी पाळल्या, तर मृतात्म्याला पूर्ण सूट. ९ तारखेला तोच मुलगा, तीच आई, तीच मेणबत्ती, पण सूट अंशतः! २०२० साली कोविडमुळे हीच मुदत नोव्हेंबरभर वाढवली गेली. मी सरकारी कारकून आहे, मुदतवाढीचे परिपत्रक मला लांबून ओळखू येते. जी तारीख रोमच्या कचेरीला पुढे ढकलता येते, ती देवाने घातलेली नव्हे, कचेरीनेच घातलेली.

जाणकार पाद्री यावर सांगतील की मृतांवर चर्चचा हुकूम चालत नाही, चर्च त्यांच्यासाठी फक्त विनवणी करते. मान्य. पण मग विनवणीला वर्गवारी कशाला? आणि सूट देण्यासारखा पुण्याचा साठा हाती असेल, तर पोप निव्वळ प्रेमापोटी सगळे पुर्गातोर रिकामे का करत नाही? हा प्रश्न ल्यूथरच्या ९५ कलमांत आहे. पाच शतके झाली, मला तरी त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

हाच प्रश्न सर्वपित्री अमावस्येलाही विचारता येतो, आणि तो आपण विचारलाच पाहिजे. मेलेल्या माणसासाठी जीव तुटणे खरे असते. ते हिंदूचे असो की ख्रिस्तावाचे, त्याला हसू नये. हिशेब मागायचा तो त्या जीव तुटण्यावर शिक्का मारणाऱ्या टेबलाकडे.