नक्कल आणि उमज

चाकण औद्योगिक पट्ट्यातील महाळुंगे आज कारखान्यांमुळे ओळखले जाते. परंतु देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे जवळच असल्यामुळे टाळमृदंगाचा नाद या परिसरातून हद्दपार झालेला नाही. अशा गावांतून पाळी संपवून भजनाला बसणारा कामगार पुष्कळदा भीमसेन जोशी यांच्या ‘अभंगवाणी’तील चाल उचलतो, तान तीच आणि साधल्यास आवाजाचा लगावही तोच. ‘ही तर निव्वळ नक्कल!’ असे म्हणून सुशिक्षित श्रोता नाक मुरडतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे?

वास्तविक ज्यांची नक्कल होते, तेही अनुकरणाच्याच वाटेने गेलेले आहेत. अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेने भारावून भीमसेनांनी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले आणि पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी तालीम घेतली. कुमार गंधर्वांची पहिली कीर्ती तर नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाणारा बालगायक म्हणूनच झाली. प्रा. बी. आर. देवधर यांचे शिक्षण, प्रदीर्घ आजार आणि माळव्यातील लोकगीतांचा सहवास यांतून त्यांची स्वतंत्र गायकी नंतर घडली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्यांच्या चालींचा मुक्तहस्ताने उपयोग केला. त्यामुळे मराठी संगीत दरिद्री झाले असे कोणी म्हणत नाही. घराणे या कल्पनेचा पायाच मुळी गुरूच्या गळ्याबरहुकूम गळा घडविणे हा आहे.

तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे. बालगंधर्वांच्या मागून आलेल्या कित्येकांनी त्यांच्या हरकती तेवढ्या उचलल्या. पदाचा अर्थ आणि लयीचे भान मागेच राहिले. अशा गायनाने मूळ गायकाची आठवण होते, गाण्याचा आनंद होत नाही. उलट कुमारांनी तीच पदे गायिली, तेव्हा त्या उपक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातील ‘उमजलेले’ या एका शब्दात या वादाचे उत्तर सामावलेले आहे. आवाजाची ढब उचलणे ही नक्कल. ती ढब कशासाठी होती हे ओळखून गाणे हा वारसा.

म्हणूनच स्पर्धांच्या परीक्षकांनी आणि संगीतशिक्षकांनी ‘हा कोणासारखा गातो?’ एवढे विचारून थांबू नये. ‘काय समजून गातो?’ हेही विचारावे. शिकणाऱ्याला आरंभीच नावीन्याच्या धाकात ठेवले, तर तो ना परंपरेचा राहील ना स्वतःचा. शिवाय प्रत्येक गायकाने नवी वाट काढलीच पाहिजे असाही दंडक नाही. दिवसभर यंत्रापाशी राबलेल्या माणसाच्या कंठातून अभंग समजून-उमजून उमटत असेल, तर चाल उसनी असली तरी भाव त्याचा स्वतःचाच असतो. अशा गायनाला तुच्छ लेखणे रसिकतेला शोभणारे नाही.