शितावरून ख्यालाची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेलं असतं. गाण्याचं तसं नाही, हे एकदा तरी मैफलीला बसलेल्या कुणालाही सांगावं लागू नये. तरीही गेली वीसेक वर्षं आपण अल्बमची पारख एका शितावरूनच करत आलो आहोत. ते शीत तीस सेकंदांचं आहे.

2003 साली ॲपलनं आयट्यून्सचं दुकान उघडलं, तेव्हा गाणं विकत घेण्याआधी त्याचा तीस सेकंदांचा तुकडा फुकट ऐकता येई. तीन-चार मिनिटांच्या पॉप गाण्याला ते माप चालून जाई. तेवढ्यात आवाज कळतो, चाल कळते, ठेका कळतो. पण तीच फूटपट्टी त्या दुकानानं सगळ्या जगाच्या संगीताला लावली. ध्रुपदाच्या आलापाची पहिली तीस सेकंदं म्हणजे तानपुरा आणि फार तर एक षड्ज. अतिविलंबित झुमऱ्यात चौदा मात्रांचं एक आवर्तनसुद्धा तेवढ्या वेळात पुरं होत नाही. म्हणजे सम येण्याआधीच गिऱ्हाईक दुकानाबाहेर. रागम्-तानम्-पल्लवीतली पल्लवी तर कितीतरी दूर राहिली. या तुकड्यावरून अल्बम घ्यायचा की नाही हे ठरवणं, म्हणजे अर्पणपत्रिका वाचून कादंबरीवर मत देणं.

यावर कुणी म्हणेल, तीन मिनिटांच्या तबकडीनंही आपल्या संगीताला असंच कापलं होतं. कापलं खरं. पण 1902 साली कोलकात्यात गौहर जान ध्वनिमुद्रणाला बसल्या, तेव्हा किती वेळ मिळणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या वेळेचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं, आणि शेवटी आपलं नाव सांगून ती जागा आपली करून टाकली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत राग उभा केला, तो त्या तीन मिनिटांसाठीच बांधून. मर्यादा कलावंताच्या हाती आली की तिचा घाट होतो. नमुन्याचा तुकडा कलावंत गात नाही. तो दुकानदार कापतो, आणि कात्री कुठे लावायची हे गायकाला कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं ‘ऐकून घेऊ नका’ असं अजिबात नाही. ऐकूनच घ्यावं, आणि पूर्ण ऐकून घ्यावं. आपल्याकडे ती रीत जुनी आहे. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये रेकॉर्ड ऐकून पाहण्यासाठी वेगळे कक्ष होते. 2016 साली ते दुकान बंद झालं. ज्या गावांत असे कक्ष नव्हते, तिथं कॅसेटवाला कॅसेट डेकवर लावून दाखवी आणि दुकानात उभे असलेले चारजण आपापलं मत देत. त्याही आधी आकाशवाणी होती, रेडिओ सिलोन होतं. दहा वेळा कानावर पडलेलं गाणं माणूस पैसे साठवून घरी आणी. तेव्हाही बहुतेक ऐकणं फुकटच होतं, पण त्याला शेवट होता. मागे दुसरं गिऱ्हाईक खोळंबलेलं असे, आणि दुकानदार विचारी, ‘मग काय, बांधू?’ त्यावर उत्तर द्यावं लागे. ‘नको’ हेही उत्तर होतं. रसिकाचा निवाडा असाच घडत गेला, खिशात हात घालताना किंवा खिशातून रिकामा हात बाहेर काढताना.

तो प्रश्नच आता कुणी विचारत नाही. स्पॉटिफाय 2019 साली भारतात आलं. तशीच इतरही ॲप आहेत. वरवर पाहता तीस सेकंदांची अडचण मिटली. हवा तो अल्बम पूर्ण ऐका, शंभरदा ऐका. पण तीस सेकंदं गेली नाहीत, ती गल्ल्यावर जाऊन बसली. तिथल्या हिशेबात गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा वाजल्याची नोंद होते. पुढे तो मारवा पन्नास मिनिटं चालो की एकतिसाव्या सेकंदाला बंद पडो, नोंद एकच. पन्नास मिनिटं एका रागात मुरणारा श्रोता आणि जिना चढता चढता गाणं बदलणारा श्रोता तिथं सारखेच, आणि त्या दोन कलावंतांचं मोलही सारखंच. शिवाय 2024 पासून वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला तिथल्या रॉयल्टीत वाटा नाही. तुम्ही महिनाभर एकाच बीनकाराला ऐकलंत म्हणून तुमची वर्गणी त्याच्याकडे जाते, असंही नाही. सगळ्यांचे पैसे एका रांजणात पडतात आणि ज्याची गाणी जास्त वाजली त्याला जास्त मिळतात. ज्याचा श्रोता थोडा पण निष्ठावंत, त्याच्या वाट्याला तळाचे थेंब.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ऱ्हिदम हाऊसचे कक्ष मुंबईकरांना, तेही फोर्टात येऊ शकणाऱ्यांना. आज हिंगोलीतली किंवा सिल्चरमधली एखादी मुलगी मोबाइलवर केसरबाईंना ऐकू शकते, हे काय थोडं झालं? थोडं नाही, फार मोठं झालं. ज्या घरात रेकॉर्ड प्लेअर येणं शक्य नव्हतं तिथं जयपूर घराणं पोचलं, याचा आनंद न होणारा माणूस रसिक नाही, नुसता संग्राहक आहे. त्या मुलीनं काही विकत घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण तिचं नाव पुढे करून आपला खिसा झाकणारे आपण कोण? पाचशे रुपयांच्या कॉफीला मागेपुढे न पाहणारा, कवितासंग्रहाचा खप होत नाही म्हणून परिसंवादात हळहळणारा वाचक गायकाचा अल्बम मात्र वर्षानुवर्षं ‘ऐकून बघत’ असतो. आंब्याच्या बाजारात फोड चाखायला देतात. रोज येऊन फोडीच खाणाऱ्याला बागवान गिऱ्हाईक म्हणत नाही.

विकत घेण्यात मालकीची हौस असते, असा एक आक्षेप असतो. असू द्या. घेतलेला अल्बम कपाटातून आपल्याकडे बघत राहतो आणि पुन्हा ऐकायला लावतो. त्याच्या वेष्टनावर तबल्याला कोण, संवादिनीला कोण ही नावं असतात. ॲपवर बहुतेकदा तीही सापडत नाहीत. आणि कंपनीचा करार संपला म्हणून एका सकाळी तो आपल्या कपाटातून नाहीसा होत नाही.

मार्ग अगदीच नाही असं नाही. बँडकॅम्पवर कलावंत आपला अल्बम पूर्ण ऐकू देऊ शकतो आणि श्रोत्याला आवडला तर तो तिथंच विकतो. डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के कंपनी घेते. व्यवहाराचा खर्च वजा जाता बाकीचे कलावंताकडे जातात. आपल्याकडचे कितीतरी गायक-वादक मैफलीनंतर सीडी किंवा पेन ड्राइव्ह टेबलावर मांडून बसतात, काहीजण आपल्या संकेतस्थळावरून थेट विकतात. तिथवर जायला दोन पावलं चालावं लागतं, एवढंच.

म्हणून सांगणं इतकंच. या महिन्यात एक अल्बम निवडा. पहिल्या तानपुऱ्यापासून शेवटच्या तिहाईपर्यंत, मध्ये पुढे न सरकवता, दोनदा ऐका. मग स्वतःलाच विचारा, ‘बांधू?’ उत्तर ‘नको’ असेल तर का नको, ते चार मित्रांना सांगा. कलावंताला त्याचाही उपयोग असतो. उत्तर ‘हो’ असेल तर पैसे मोजा.