रान किती खोल आहे, हे कोणी विचारले?



हुरड्याचे दिवस होते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी ज्वारी पाहत हिंडत होतो. एका रानात कणसे मुठीएवढी, आणि बांधापलीकडच्या दीड एकरात ताटे वाळून कोलमडलेली. तिथे एक बाई वैरणीसाठी ती ताटे कापत होत्या.

"बी तर शेजारच्यांचंच हाय, साहेब. दुकानात म्हणलं, त्यांनी नेलं तेच द्या."

पिशवी जपून ठेवली होती. वाण फुले वसुधा. बियाणे खोटे नव्हते, दुकानदारानेही फसवले नव्हते. त्यांची पहार घेऊन मी खड्डा घेतला, तर फूटभरही गेलो नाही तोच मुरूम लागला. वसुधा हा भारी, खोल जमिनीचा वाण. शेजाऱ्याची जमीन काळी, तीन फूट खोल, म्हणून तिथे तो साधला. हलक्या रानातली ओल पौषापर्यंत टिकत नाही, मग दाणा भरणार कशाने? त्या रानाला फुले अनुराधा हवा होता. तो लवकर निसवतो आणि पाण्याचा ताण सोसतो.

"मावशी, हे तुम्हाला कोणीच सांगितले नाही?"

"कोण सांगणार?"

मी गप्प झालो. कारण भाद्रपदात याच गावात, याच विषयावर मीच सभा घेतली होती! सकाळी अकरा वाजता, पंचायतीत. त्या वेळी मावशी दुसऱ्याच्या तुरीत खुरपायला गेल्या होत्या. गावाच्या व्हॉट्सॲप गटावरही मी माहिती टाकली होती. ती पोचली असेल त्यांच्या मालकांच्या फोनवर, आणि मालक कामाला पुण्यात. सातबारा त्यांच्या नावावर, पेरणी मात्र मावशींच्या हातची. माझ्या वहीत त्या दिवशीचा शेरा आहे, 'उपस्थिती समाधानकारक'. वर्षाची भाकरी त्या दीड एकरावर होती. निघाला तो कडबा, तोही आखूड.

म्हणून आता सगळ्यांना सांगतो, आणि विशेषतः घरात बी निवडणाऱ्या आयाबहिणींना. दुकानात जाण्याआधी रानात दोन-तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खणून पाहा. फूटभर खोली असेल तर फुले अनुराधा. दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी. त्याहून खोल असेल तर वसुधा, आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवतीही चालेल. एकरी चार किलो बी पुरते. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान उरका. काणी पडू नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळा. हे काम स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा राहून जाते.

अडले तर १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करा. २००४ पासून ही किसान कॉल सेंटरची सोय आहे. सकाळी सहा ते रात्री दहा, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलतात. पण जमिनीची खोली तुम्हीच आधी सांगा. समोरच्याला तुमचे रान दिसत नाही.

यंदा त्या गावची सभा मी मारुतीच्या पारावर, दिवेलागणीनंतर ठेवणार आहे. मावशींनी आळीतल्या बायकांना आणायचे कबूल केले आहे. येताना प्रत्येकीने आपल्या रानाची खोली मोजून यायचे, एवढेच मी सांगितले आहे.