विहीर कोरडी, मोटार दहाची



विहिरीला वीतभर पाणी असताना दहा अश्वशक्तीची मोटार बसवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. गावोगावच्या अनेक जिल्हा परिषद शाळांत मात्र नेमके हेच झाले. भिंतीवर मोठा पडदा, कपाटात टॅब, दारावर 'डिजिटल शाळा' अशी पाटी. आणि आत येणारी तार तीच जुनी, उंदराने कुरतडलेली. पडदा बंद पडला की दोष मास्तरांचा!

हिशेब साधा आहे. जोडणी १० एमबीपीएसची आणि ३० मुलांनी एकाच वेळी धडा उघडला, तर एकेकाच्या वाट्याला एमबीपीएसचा तिसरा हिस्सा येतो. वाय-फायची पेटी कितीही महाग आणा, पाणी वाढत नाही. नळाला फक्त चकाकी येते.

पैसा थोडा असेल तर क्रम धरावा. पहिला पैसा विजेला: अर्थिंग, बॅटरी आणि बिल. वीज तोडलेल्या शाळेतला संगणक शोभेचाच. दुसरा तारेला. कॅट-६ तार १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग नेते आणि नळीतून नीट टाकली तर वर्षानुवर्षे टिकते. दोन इमारती जोडायच्या तर तांबे नको, फायबर घ्यावे. म्हणजे पावसाळ्यात कडाडणारी वीज तारेवाटे दुसऱ्या इमारतीत शिरत नाही. तिसरा पैसा स्विचला. वाय-फायची पेटी सर्वांत शेवटी, तीही रोज वापर होणाऱ्या खोलीतच. धडे एकदाच उतरवून शाळेतल्या संगणकावर साठवावेत. कोलिब्री हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि इंटरनेट नसतानाही चालते. शेततळ्याची रीत हीच: मिळेल तेव्हा भरा, लागेल तेव्हा वापरा.

आता पैशाचे. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पाट पंचायतीच्या दारात थांबला, तर शाळेपर्यंतची चारी काढायची कोणी? समग्र शिक्षा योजनेत २०१८ साली ५० मुलांच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान ठरले. खडू, दुरुस्ती, वीजबिल, स्वच्छता, सारे त्यातच. एवढ्यात जाळे उभे राहत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत शहरातली मुले घरात बसून शिकली; आपली पोरे टेकडीवर रेंज शोधत फिरली. ते वर्ष त्यांना कोणी परत दिले नाही.

तेव्हा हातावर हात ठेवून बसू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आलेल्या प्रत्येक पैशावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम आहे; शाळेचा विकास आराखडाही कलम २२ खाली तीच करते. समितीत जा आणि तीन प्रश्न विचारा. ठरलेला वेग किती, मिळतो किती? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? त्यासाठी बाजूला ठेवले किती? टॅब देणाऱ्या दात्यालाही सांगा: पाटी तुमची लावतो, पण आधी तार द्या.

येत्या ग्रामसभेत शाळेपर्यंतच्या जोडणीचा ठराव लेखी मांडा आणि त्याची नक्कल घेऊनच उठा. पोरांच्या वाट्याचे पाणी टेलपर्यंत पोचलेच पाहिजे.