फुकट वर्दळीचा भ्रम आणि सहीची पत

नवे संकेतस्थळ काढणाऱ्या व्यावसायिकाला किंवा लेखकाला इंटरनेटच्या आरंभकाळापासून एक सल्ला हमखास दिला जातो. आपल्या विषयाचे चर्चामंच शोधावेत, तेथे सदस्य व्हावे, आपल्या सहीत संकेतस्थळाचा दुवा घालावा आणि मग शक्य तितके प्रतिसाद लिहीत जावे, म्हणजे एक पैसाही खर्च न करता वाचकांची वर्दळ सुरू होते, असा तो सल्ला आहे. सही याचा अर्थ येथे, सदस्याने आपल्या खात्यात एकदा लिहून ठेवलेला आणि त्याच्या प्रत्येक लेखनाखाली संगणकप्रणालीकडून आपोआप जोडला जाणारा दोन-चार ओळींचा मजकूर. हा सल्ला ज्या रूपात दिला जातो त्या रूपात तो व्यवहार म्हणून तोट्याचा आणि सार्वजनिक चर्चेच्या दृष्टीने घातक आहे, हे या लेखाचे खंडनात्मक प्रतिपादन होय. सही हे मात्र त्याज्य साधन नाही; तिला पत असते आणि ती पत तिच्या वरच्या लेखनातून मिळवावी लागते, हे त्याचे मंडनात्मक प्रतिपादन होय.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला अर्थ उरत नाही, म्हणून तो आधी पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. या मताचे समर्थक प्रामुख्याने पाच मुद्दे पुढे करतात. पहिला असा की, वर्तमानपत्रातील किंवा सर्च इंजिनवरील जाहिरातीला पैसे मोजावे लागतात, सहीला लागत नाहीत. दुसरा असा की, सही साठत जाते. शंभर प्रतिसाद लिहिले की शंभर ठिकाणी दुवा राहतो आणि जुने लेखनही वर्षानुवर्षे वाचले जाते. तिसरा मुद्दा श्रोतृवर्गाचा आहे : बागकामाच्या चर्चेत बागकामाची आवड असलेलेच लोक येतात, त्यामुळे नेमका ग्राहक आयताच सापडतो. चौथा असा की, बाहेरून येणाऱ्या दुव्यांची संख्या वाढली की सर्च इंजिनच्या निकालांत संकेतस्थळ वर चढते. पाचवा मुद्दा दाखल्याचा आहे : हॉटमेल ही ईमेल सेवा पत्रांच्या तळाशी जोडलेल्या एका ओळीच्या जोरावर जगभर पसरली, मग तीच युक्ती इतरांना का लाभू नये, असे विचारले जाते.

यातला ‘फुकट’ हा मुद्दा इतिहासाच्या कसोटीवर पहिल्याच फेरीत अडखळतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये कल्पिलेली आणि १९८० मध्ये सुरू झालेली ‘युजनेट’ ही चर्चाव्यवस्था आजच्या चर्चामंचांची पूर्वज होय. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा मराठी भाषकांचा चर्चागट याच व्यवस्थेत नांदत होता. युजनेटवर प्रत्येकाची सही एका वेगळ्या फाइलमध्ये असे, ती संदेशाला आपोआप जोडली जाई आणि मूळ मजकूर कोठे संपला हे कळावे म्हणून मध्ये दोन आडव्या रेघा व एक मोकळी जागा असलेली ओळ घालण्याचा संकेत होता. सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी, हा दंडकही तेथेच रुळला. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट-शिष्टाचाराच्या मार्गदर्शिकेने चार ओळींची हीच मर्यादा सांगितली आणि तिचे कारणही दिले : अनेक लोक जोडणीचे पैसे मिनिटामिनिटाने मोजतात, त्यामुळे संदेश जितका लांब तितका वाचणाऱ्याचा खर्च जास्त. सही लिहिणाऱ्याला जे फुकट होते त्याचे बिल वाचणाऱ्याच्या नावाने फाटत होते, आणि त्या काळच्या लोकांना हे स्पष्ट दिसत होते, कारण ते बिल खरोखरच घरी येत असे. आज मिनिटाचा दर गेला आहे. वाचणाऱ्याचे लक्ष मात्र तेवढेच मर्यादित राहिले आहे.

हा खर्च दुसऱ्यावर ढकलण्याची वृत्ती टोकाला गेली की काय होते, हे १२ एप्रिल १९९४ रोजी दिसले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीसंबंधीची आपली जाहिरात युजनेटवरील पाच हजारांहून अधिक चर्चागटांत, विषयाचा काडीचा संबंध न पाहता, टाकली. निषेधाच्या संदेशांचा असा लोंढा आला की त्यांच्या इंटरनेट-पुरवठादाराचा संगणक वारंवार बंद पडला आणि त्याने त्यांचे खाते बंद केले. ही जाहिरात सहीत नव्हती, उघड संदेशात होती, हा भेद खरा आहे. पण जेथे इतरांनी श्रमाने माणसे जमवली आहेत तेथे जाऊन आपला माल मांडणे म्हणजे फुकट प्रसिद्धी, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी एकच आहे. आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ फुकट पडते, ते खणणाऱ्याला पडत नाही. शिवाय लिहिणाऱ्याचाही वेळ जातोच. समजा एखाद्याने दोनशे प्रतिसाद लिहिले आणि प्रत्येकाला पाच मिनिटे दिली, तर ते हजार मिनिटांचे, म्हणजे जवळजवळ सतरा तासांचे काम होते, आणि या मजुरीचा हिशेब ‘फुकट’ म्हणणाऱ्यांच्या वहीत कोठेच लिहिलेला नसतो.

दुसरा मुद्दा साठत जाण्याचा. लाभ प्रतिसादांच्या संख्येवर अवलंबून ठेवला की लिहिणाऱ्याचे लक्ष आशयावरून उडून संख्येवर बसते, हे ‘बिटकॉइनटॉक’ या चर्चामंचाच्या उदाहरणावरून सिद्ध होते. सतोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या बिटकॉइनच्या जनकाने २००९ मध्ये सुरू केलेल्या या मंचावर पुढे सह्या भाड्याने देण्याचा धंदा फोफावला. जुगाराची संकेतस्थळे आणि नव्या आभासी चलनांचे प्रवर्तक सदस्यांना त्यांच्या सहीतील जागेचे पैसे देऊ लागले आणि ते बहुधा दर प्रतिसादामागे मोजले जाऊ लागले. परिणामी आधीच सांगितलेले पुन्हा सांगणारे आणि केवळ मोजणीत भर घालणारे लेखन वाढत गेले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये व्यवस्थापकांना ‘मेरिट’ नावाची गुणपद्धत आणावी लागली, जिच्यात सदस्याची श्रेणी वाढण्यासाठी नुसती लेखनसंख्या पुरेशी न राहता त्याच्या लेखनाला इतर सदस्यांनी दिलेले गुण आवश्यक ठरले. सहीत काय व किती दाखवता येते हे श्रेणीवर अवलंबून असल्यामुळे हा उपाय थेट दुखण्यावर होता.

हीच गोष्ट मराठी वाचकाला जवळून पाहता येईल. मराठी संकेतस्थळांवर लेखमालेखाली ‘पुभाप्र’, म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, असा एका शब्दाचा प्रतिसाद देण्याची रीत आहे. त्यात माहिती काहीच नसते, पण लेखकाला तो हवा असतो, कारण कोणीतरी वाचत आहे एवढा निरोप त्यातून पोचतो. त्याच एका शब्दाखाली सदनिका-विक्रीची तीन ओळींची सही लटकली आणि तोच सदस्य दिवसभरात तीस धाग्यांवर ‘पुभाप्र’ लिहून गेला, तर त्या शब्दातला निरोपच खोटा पडतो; आणि त्यानंतर खऱ्या वाचकाने लिहिलेल्या ‘पुभाप्र’कडेही लेखक संशयाने पाहू लागतो. सहीखोर लेखनाचे खरे नुकसान हे आहे : ते आपल्यापुरते निरुपयोगी राहत नाही, ते इतरांच्या प्रामाणिक शब्दांची किंमतही उतरवते.

साठवणीची आणखी एक कच्ची बाजू तांत्रिक आहे. बहुतेक चर्चाप्रणालींत सही प्रत्येक लेखनात कायमची कोरलेली नसते; ती सदस्याच्या खात्यात एकाच जागी असते आणि प्रत्येक लेखनाखाली तेथून आणून दाखवली जाते. त्यामुळे सही बदलली की जुन्या लेखनाखालीही नवी सही दिसते, आणि नियमभंगासाठी व्यवस्थापकांनी तिच्यावर बंदी घातली की वर्षांची तथाकथित पुंजी एका क्षणात नाहीशी होते. जी पुंजी दुसऱ्याच्या एका निर्णयाने शून्य होते तिच्यावर व्यवसायाची इमारत रचणे शहाणपणाचे ठरत नाही.

तिसरा, नेमक्या श्रोतृवर्गाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. विषयात रस असलेले लोक चर्चेत जमतात हे मान्य, परंतु ते दोन प्रकारचे असतात. सर्च इंजिनवरून आलेला पाहुणा आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधत असतो आणि ते मिळताच निघून जातो. नियमित सदस्य मात्र तीच सही शंभरदा पाहून ती न वाचण्याची सवय लावून घेतो. ‘पीएचपीबीबी’ आणि ‘व्हीबुलेटिन’ यांसारख्या रूढ चर्चाप्रणालींनी सदस्याला सर्वांच्या सह्या लपवून ठेवण्याची सोय दिलेली आहे. म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्यांच्याच हाती दार लावून घेण्याची कडी आहे, आणि सह्यांचा उपद्रव वाढेल तसतशी ती अधिक वापरली जाणार.

चौथ्या मुद्द्याला एके काळी आधार होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस मानली गेली, आणि साहजिकच शिफारशी पिकवण्याचा उद्योग सुरू झाला. त्यावर उतारा म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या सर्च इंजिनांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. दुव्याच्या संकेतलेखनात ती असली की त्या दुव्याला शिफारशीचे वजन द्यायचे नाही, असा तिचा अर्थ होता. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला जाणारा बदल करून कृत्रिम दुव्यांच्या जोरावर वर चढलेल्या पानांना खाली ढकलले. गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत निषिद्ध दुव्यांचा एक नमुनाच दिला गेला होता, आणि तो या विषयासाठी बोलका आहे : माहितीबद्दल आभार मानणारे एक पोकळ वाक्य, आणि त्याखालच्या सहीत सॅन डिएगो शहरातील उत्तम पिझ्झाचा घोष करणारे, शोधशब्दांनी भरलेले दुवे. ज्या युक्तीने क्रम वर जाईल असे सांगितले जाते तिचेच चित्र क्रम खाली नेणाऱ्या कृत्यांच्या यादीत छापले गेले असताना तोच सल्ला पुढे देत राहणे म्हणजे ‘पी हळद नि हो गोरी’ असे सांगून आजार देणे होय.

उरला हॉटमेलचा दाखला. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेल्या या सेवेने, गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांच्या आग्रहावरून, प्रत्येक पत्राच्या तळाशी मोफत ईमेलचे निमंत्रण देणारी एक ओळ जोडली, आणि सुमारे दीड वर्षात तिच्या सदस्यांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली; डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. परंतु ही ओळ कशामुळे चालली, याचा विचार पूर्वपक्ष करत नाही. ती ओळ ज्या वस्तूची होती तीच वस्तू वाचकाच्या डोळ्यांपुढे होती. पत्र पोचले होते, म्हणजे सेवा चालते याचा पुरावा मिळाला होता. ते पत्र बहुधा ओळखीच्या माणसाचे होते, त्यामुळे त्या माणसावरचा विश्वास ओळीच्या पाठीशी उभा होता. शिवाय ती ओळ जोडली जावी म्हणून कोणी खोटी पत्रे लिहीत नव्हते. वरचा मजकूर खरा असेल आणि तळाची ओळ त्याच्याशी निगडित असेल तरच ती फळते, असे या दाखल्यातून निष्पन्न होते, आणि तोच या लेखाचा उत्तरपक्ष आहे.

आता मंडन. सहीचे पहिले आणि सर्वांत मोठे कार्य उत्तरदायित्वाचे आहे. आयुर्विम्याविषयीच्या चर्चेत सल्ला देणारा स्वतः विमा-प्रतिनिधी असेल, तर ते वाचकाला कळणे आवश्यक आहे, आणि ते सांगण्यासाठी सहीइतकी सोयीची जागा नाही. अशी सही वाचकाच्या हिताची असते, कारण सल्ला आणि सल्ला देणाऱ्याचा हितसंबंध हे दोन्ही एकाच नजरेत दिसतात. जी सही जाहिरात म्हणून खटकते तीच हितसंबंधांची कबुली म्हणून आदरास पात्र ठरते. मात्र त्यासाठी तिच्यात घोषवाक्याऐवजी नाव, व्यवसाय आणि एक दुवा एवढेच असायला हवे.

दुसरे कार्य पुढच्या वाटेचे. उत्तर वाचून ज्याचे समाधान झाले त्याला त्या उत्तर देणाऱ्याचे आणखी काही वाचावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो मार्ग सहीने दाखवावा. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संगणकतज्ज्ञांच्या प्रश्नोत्तर-संकेतस्थळाने मजकुराखाली वेगळी सही लिहिण्यास मनाई केली, पण प्रत्येक उत्तराला लेखकाचे नाव आणि त्याला मिळालेले गुण दाखवणारी चौकट जोडली. तिच्यावरून त्याच्या ओळखपानावर आणि तेथून त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाता येते. या व्यवस्थेत दुवा एक पायरी मागे सरकला, पण त्याची पत वाढली, कारण तेथवर येणारा वाचक उत्तराची गुणवत्ता पारखून आलेला असतो. १९९६ पासून चालत आलेल्या ‘मायबोली’ने जाहिरातींसाठी स्वतंत्र विभाग ठेवला आहे, त्यामागचे तत्त्वही याच जातीचे : विकणाऱ्याला जागा असावी, पण ती संभाषणाच्या पोटात नसावी.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. जाहिरातीचे पैसे मोठ्या कंपन्यांकडे असतात. घरगुती मसाले विकणारी गृहिणी किंवा पहिले पुस्तक स्वखर्चाने छापणारा कवी यांच्याकडे ते नसतात, तेव्हा सहीवर टीका करणे म्हणजे गरिबाच्या हातचे एकमेव साधन हिसकावणे नव्हे काय, असा तो आक्षेप आहे. त्यातील कळकळ रास्त आहे, आणि म्हणूनच सहीवर सरसकट बंदी घालण्याचा पुरस्कार येथे केलेला नाही. परंतु दुव्यांच्या गर्दीत सर्वांत आधी दबला जातो तो याच लहान माणसाचा आवाज, कारण भाड्याने माणसे लावून हजारो प्रतिसाद लिहवून घेणे पैसेवाल्यालाच परवडते. लहान व्यावसायिकाजवळ असलेली आणि पैशाने विकत न मिळणारी गोष्ट म्हणजे त्याचे स्वतःचे ज्ञान. गोडा मसाला पावसाळ्यात का खराब होतो, तो भाजताना कोणता जिन्नस आधी आणि कोणता शेवटी घालावा, याचे नीट उत्तर देणाऱ्या गृहिणीच्या एका प्रतिसादाखालचे नाव वाचक लक्षात ठेवतो. गर्दी जितकी आटोक्यात, तितके हे ज्ञान स्पष्ट दिसते. म्हणून सहीचा संयम हा दुर्बळाच्या हिताचा नियम आहे.

यावरून एक कसोटी निश्चित करता येते. लेखनाखालची सही काढून टाकली तरी ते लेखन वाचकाच्या उपयोगाचे राहते काय, हे लिहिणाऱ्याने स्वतःलाच विचारावे. राहत असेल तर चार ओळींच्या मर्यादेतली, विषयाशी निगडित आणि खऱ्या नावाची सही त्याने निःसंकोच लावावी, कारण ती त्याने कमावलेली आहे. राहत नसेल तर त्याने सहीला हात न लावता लेखन सुधारावे. असे येणारे वाचक संख्येने कमी असतील आणि उशिरा येतील, पण ते विश्वासाने येतील, आणि व्यवसाय असो वा साहित्य, टिकून राहण्यासाठी दोहोंनाही असेच वाचक लागतात.