चांदीची धूळ जपतो, लाकडाची छातीत भरतो

खामगावला रजतनगरी का म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. पण चांदीच्या कामात एक गोष्ट असते, ती कधी नीट बघितली का? कानशीने घासताना खाली पडलेला चुरा कोणी फेकून देत नाही. झाडलेली धूळसुद्धा जपून ठेवतात. ती धुऊन त्यातला धातू काढणाऱ्या झारेकऱ्यांचा तर पिढ्यान्‌पिढ्या वेगळा धंदाच आहे.

आता त्याच गावातल्या, नाहीतर चिखली-मेहकरच्या एखाद्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये डोकवा. दिवसभर एमडीएफ कापलं, सँडर फिरवला आणि संध्याकाळी पोऱ्याने हातात ब्लोअर घेतला. पाच मिनिटांत जमीन चकाचक! धूळ मात्र गेली कुठेच नाही. ती वर उडाली, आणि तासाभरात थोडी फळ्यांवर बसली, थोडी त्या पोऱ्याच्या छातीत. लाकडाच्या धुळीला मोल नाही, म्हणून ती पकडायची कोणाला घाई नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तरी आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधला की झालं.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी, काकांकडे किंवा मामांकडे असं वर्कशॉप असेल. म्हणून हा लेख तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. त्यांना सांगून ते ऐकणार नाहीत, तुम्ही करून दाखवलंत तर ऐकतील.

बरेच जण व्हॅक्यूम घेतात, आठवडाभर वापरतात आणि कोपऱ्यात ठेवून देतात. कारण एकच. फिल्टर चोंदतो, ओढ मरते आणि मग सगळे म्हणतात, ‘मशीन फालतू आहे.’ मशीन फालतू नसतं. धूळ फिल्टरपर्यंत पोहोचायच्या आधी अडवायला मधे काहीतरी लागतं, ते आपण लावत नाही. ते ‘काहीतरी’ तुम्ही रोज बघता. जिनिंग फॅक्टरीवर, दालमिलवर पत्र्याचा उलटा शंकू असतो ना, तोच सायक्लोन. हवा त्याच्या कडेने तिरपी आत घुसते, गोल फिरते, जड कण भिंतीला घासत खाली पिंपात पडतात आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. आत फिरणारा एकही पार्ट नाही. ब्रिटनच्या जेम्स डायसन यांना व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना एका आरागिरणीवरच्या असल्याच सायक्लोनवरून सुचली. ५,१२७ नमुने बनवल्यावर त्यांचं मशीन जमलं. आपल्याला तेवढे करायची गरज नाही.

छोट्या व्हॅक्यूमसाठी बाजारात दोन प्रकार मिळतात. एक झाकणाचा: पिंपावर बसवायचं झाकण, आत आडवी पट्टी. दुसरा शंकूचा. माझं मत विचाराल तर, रंध्याच्या ढलप्या आणि जाड भुसाच जास्त असेल तर झाकणाचा चालतो, कमी उंचीत बसतो, घरीही बनवता येतो. पण सँडर आणि एमडीएफचं काम असेल तर डोळे झाकून शंकूचाच घ्या. बारीक धूळ झाकणवाल्याला तितकीशी जुमानत नाही.

आणि इथेच आपली सवय नडते. ‘मोठा घेऊ, पुढे कामी येईल.’ सायक्लोनमध्ये हे उलटं पडतं. व्हॅक्यूमची ओढ जोरदार, पण हवा कमी. मोठ्या शंकूत ती हवा रेंगाळते, फिरण्याचा वेग मरतो आणि धूळ सरळ फिल्टरकडे जाते. तोंडाचा व्यास तुमच्या व्हॅक्यूमच्या पाइपाएवढाच हवा. त्याच कारणाने जाडी काढायच्या मोठ्या रंधा मशीनला हे लावू नका. तिथे १०० मिमीच्या पाइपाचा वेगळा डस्ट कलेक्टरच लागतो.

पिंपाबद्दल तर बोलायलाच हवं, कारण जुगाड तिथेच फसतो. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली सगळ्यांना आठवते. पाइप कुठे चोंदला की आतली हवा ओढली जाते आणि बादली खप्पकन चेपते. हिशोब करा: वीस किलोपास्कलची ओढ, तीस सेंटिमीटरचं झाकण, म्हणजे झाकणावर जवळपास १४० किलोचा भार. एक जाडजूड माणूस आणि वर एक पोरगं उभं राहिल्यासारखं! जाड प्लास्टिकचं नाहीतर पत्र्याचं पिंप घ्या. आणि झाकणाला रबराचं पॅकिंग लावा, कारण पिंपात फट राहिली की बाहेरची हवा खालून वर येते आणि पडलेली धूळ पुन्हा उचलून नेते. सायक्लोन ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांकडे बघाल तर बहुतेक वेळा ही फटच सापडते.

एक गैरसमजही काढून टाका. सायक्लोन लावला म्हणून फिल्टर काढायचा नाही. सगळ्यात बारीक, डोळ्याला न दिसणारी धूळ सायक्लोनमधून निसटते, आणि छातीत खोल जाते तीच. शेवटी चांगला फिल्टर हवाच, सँडिंगला मास्कही हवाच.

आता आपल्या कॉलेजांकडे वळू. शेगाव, बुलढाणा, चिखली, इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षी सगळेच वर्कशॉप करतात. लाकडाचा जोड घासून घासून बसवतो, जर्नल लिहितो. त्या तासाला उडालेल्या भुशाचं काय करायचं, हे जर्नलमध्ये कुठे असतं? कारखान्यातली धूळ मजुराच्या श्वासात जाऊ देऊ नका, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलं होतं. चार माणसांच्या वर्कशॉपला तो कायदा शिवतही नव्हता. तिथे तुम्हीच पोहोचू शकता. रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणून रंग मारून सबमिट करण्यापेक्षा हा करा. एक किलो एमडीएफची धूळ मोजून ओढा, पिंपात किती आली ते वजन करा, उरलेली फिल्टरमध्ये गेली असं धरा. पिंप बदला, पॅकिंग काढून बघा, पुन्हा मोजा. असे आकडे काकांपुढे ठेवले की त्यांनाही नाही म्हणता येत नाही.

पिंप रिकामं करताना मास्क लावून, उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून करा. सागवानाचा भुसा वेगळा ठेवा, भुशाच्या शेगडीला लागतो. एमडीएफ-प्लायची धूळ मात्र त्या शेगडीत घालू नका. तो गोंद जळला की त्याचा धूर थेट आईच्या स्वयंपाकघरात जातो.